टिपणातून काढलेलं पान

मंदाताई,

तुमच्या सगळ्या फाइली माझ्या नावावर करून घेतल्या. तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी हे काम काढलं. त्याआधी तुमच्या टेबलाकडे जायला कुणी तयार नव्हतं आणि त्यापुढे थांबणं शक्य नव्हतं. रक्तपेढीचं सगळं रेकॉर्ड क्लाउडवर आहे आणि त्याची मुख्य चावी फक्त तुमच्या नावावर होती. तिच्याशिवाय नवा माणूस आत घेता येत नाही, जुन्याला बाहेर काढता येत नाही. आत शिरायला लागणारा सहा आकडी कोड तुमच्या मोबाइलवर येत होता. म्हणून मी भाऊजींना फोन केला.

"भाऊजी, ताईंच्या फोनवर एक मेसेज येईल. त्यातले आकडे वाचून दाखवता का?"

"थांब, चष्मा घेतो," ते म्हणाले. मग एकेक आकडा सावकाश वाचला. चूक होऊ नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचला. "बराबर आहे न?"

"बरोबर आहे."

"अजून लागन तर सांग. फोन चार्ज करून ठेवला आहे मी."

मी आभार मानले आणि पुढच्या कामाला लागलो. त्या वेळी मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. लोक विचारतात, सुबोध, ठीक आहेस न? मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, दहाला खुर्चीवर असतो. तुमच्या घरी आलो त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी बाहेर चपला नीट लावत उभा होतो. कुणी तरी म्हणालं, याला धक्का बसला आहे. धक्का बसलेल्या माणसाला चपलांच्या जोड्या लावता येतात का, मला माहीत नाही.

फाइली मी एकेक उघडून बघत होतो. तशी गरज नव्हती. यंत्रांच्या दुरुस्तीची वेळापत्रकं होती, रक्तदान शिबिरांची पत्रं होती, कुणाच्या तरी मुलीच्या ॲडमिशनसाठी लिहून दिलेला अर्ज होता. त्यातच 'ट्रस्टींसाठी टिपण, अंतिम' नावाची एक फाइल होती. ती माझी होती, मी लिहिलेली. तुम्ही तिची प्रत काढून स्वतःकडे ठेवली होती, आणि प्रत काढल्याची तारीख ट्रस्टींच्या त्या बैठकीच्या आदल्या दिवसाची होती.

म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं.

मी उठून पाणी प्यायलो आणि उरलेल्या फाइली बघितल्या.

हे आता पहिल्यापासून ओळीनं सांगतो. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण मी ते कधी एका दमात बोललेलो नाही.

मी व्यवस्थापक म्हणून आलो तेव्हा मला रक्तातलं काही कळत नव्हतं. कॉमर्स शिकलेला माणूस, त्यातून माझं मराठी चार पिढ्या रायपुरात राहून निम्मं हिंदी झालेलं. तुम्ही प्रयोगशाळेच्या प्रमुख, नागपूरकडच्या, बोलायला रोखठोक. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "ताई, तुमच्याशी काही पूछायचं होतं." तुम्ही हातमोजे न काढता म्हणालात, "पूछ न. पण आधी महिनाभर काउंटरवर बस. रक्त मागाले माणूस कसा येते ते पाह्य. मग मॅनेजरी कर."

मी बसलो. डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही हातांत धरून येणारी माणसं बघितली. पिशवी मिळाल्यावर ती छातीशी धरावी की हातात लोंबती न्यावी हे न कळून दारातच थांबणारी बघितली. त्या महिन्यानं मला जे शिकवलं ते पुढं कुठल्या ट्रेनिंगनं शिकवलं नाही. याबद्दल मी तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. तुम्ही म्हणूही दिलं नसतं.

आपला जुना सर्व्हर फ्रिजच्या खोलीमागे, लोखंडी कपाटाएवढ्या जागेत होता. उन्हाळ्यात तिथला एसी दमायचा, व्होल्टेज खालीवर व्हायचं आणि तुम्ही दर तासाला आत डोकावून हात लावून बघायच्या, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. तरी एका मे महिन्यात त्याची डिस्क गेली. चार दिवसांच्या नोंदी गेल्या. तुम्ही पिशव्यांवरची लेबलं आणि हातानं लिहिलेलं रजिस्टर ताडून एकेक नोंद परत भरली. त्यानंतर मी ठरवलं, हे असं चालणार नाही, सगळं क्लाउडवर न्यायचं.

आता ऑफिसात काही जण म्हणतात, मंदा दीदी क्लाउडच्या विरोधात होत्या. ते खरं नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं आहे. तुमचं म्हणणं एवढंच होतं, "आपलं रेकॉर्ड दुसऱ्याच्या मशीनवर ठेवाचं, हेच तर आहे ते. ठेवू. पण ज्याच्या घरी सामान ठेवाचं त्याले चार गोष्टी विचारा लागतात."

आणि तुम्ही खरंच चार गोष्टी लिहून दिल्या. एका पानावर, स्वतः टाइप करून. इंटरनेटची लाइन चार तास गेली तर पेशंटची जुनी नोंद कुठं पाहायची? कंपनी बंद पडली, किंवा आपल्यालाच ती सोडायची असली, तर आपलं रेकॉर्ड कोणत्या रूपात परत मिळेल आणि ते दुसरीकडे उघडेल का? दात्याच्या रक्तात कोणता आजार निघाला हे त्यांच्याकडचं कोण कोण वाचू शकतं? मुख्य चावी आपल्यात कुणाजवळ, आणि तो माणूस नसला तर कुणाजवळ?

"हे पान तुझ्या टिपणात लाव," तुम्ही म्हणालात. "ट्रस्टींनी पाहून ठरवू दे."

मी हव म्हटलं.

टिपण बारा पानांचं होतं. आपण बदललो नाही तर काय होईल, बदललो तर काय मिळेल, आपल्या अभनपूरच्या उपकेंद्राला इथला रक्तसाठा तिथून कसा दिसेल, हे सगळं मी मन लावून लिहिलं होतं. तुमचं पान मी अकरावं म्हणून लावलंही होतं. मग मी ट्रस्टींचा विचार केला. पाच वयस्क माणसं. अध्यक्षांचा सिलतऱ्यात कारखाना, माणूस भला, पण एक शंका निघाली की विषय पुढल्या वर्षावर. जनरेटरचा प्रस्ताव आदल्या वर्षी असाच एका प्रश्नावर मागे पडला होता. मला दुसरा मे महिना नको होता. मी ते पान काढलं आणि 'जोखीम' या शब्दाखाली एक वाक्य लिहिलं: जोखीम किरकोळ असून ती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीची राहील.

बैठकीत कुणी काही विचारलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणालात, "चला, झालं तर मग." मला वाटलं तुम्ही खूश आहात. क्लाउडच्या चाचणीसाठी उघडलेल्या ज्या फोल्डरमध्ये मी टिपण ठेवलं होतं, तो आपल्या दोघांनाही उघडता यायचा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं चांगली गेली, हेही लिहायला पाहिजे. अभनपूरला बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एका बाईसाठी तिथल्या माणसानं इथली यादी बघून फोन केला आणि गाडी अर्ध्या तासात निघाली. पूर्वी नुसत्या शोधाशोधीत तेवढा वेळ जायचा. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे सुबोधमुळं झालं." मला ते वाक्य पाठ आहे. मी ते घेतलं, ठेवलं आणि त्यावर बरेच दिवस जगलो.

मग दुलारीचा दिवस आला.

नव्या रायपूरकडे रस्ता खोदताना कुणी तरी फायबर तोडली. सकाळी अकराला आपली लाइन गेली. दुसरी लाइन होती, पण तीही त्याच खड्ड्यातून आली होती, हे आपल्याला त्या दिवशी कळलं. स्क्रीनवर फक्त एक गोल फिरत होता. आणि काउंटरवर अभनपूरजवळच्या खेड्यातला एक माणूस मुलीची चिठ्ठी घेऊन उभा होता. मुलगी नऊ वर्षांची, सिकलसेलची, दुलारी नाव. लहानपणापासून वरचेवर रक्त घेणारी. अशा मुलांच्या अंगात काही रक्ताला विरोध तयार होतो आणि गट जुळला तरी ती पिशवी त्यांना चालत नाही. काय चालत नाही ते नोंदीत लिहिलेलं असतं. पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघतात, त्या ताज्या क्रॉसमॅचमध्ये तो जुना विरोध कधी कधी दिसतही नाही. नोंद नसली तर माणूस अंधारात.

वॉर्डातून डॉक्टरांचे फोन येत होते. मुलीला धाप लागली होती. मी तुमच्याकडे आत आलो.

"ताई, गट माहीत आहे. क्रॉसमॅच करा आणि देऊन टाका. डॉक्टर सही देतो म्हणतात."

"डॉक्टरची सही पिशवीत नाही जात, सुबोध."

"मग काय करायचं? लाइन कधी येईल कुणाला माहीत नाही."

तुम्ही फ्रिजमागच्या खोलीत गेलात. जुना सर्व्हर अजून तिथंच होता. तो भंगारात देण्याचं पत्र मी दोनदा काढलं होतं आणि दोन्ही वेळा तुम्ही "हव, पाठवते" म्हणून ठेवून दिलं होतं. बदल करायच्या आधीपर्यंतच्या नोंदी त्यात होत्या. दुलारीचा विरोध त्याच्याही आधी सापडला होता, हे तुम्हाला आठवत होतं, पण नेमका कोणता, ते आठवत नव्हतं. अंदाजानं तुम्ही काही करणार नव्हत्या.

पहिल्यांदा तो सुरू झाला नाही. दुसऱ्यांदा सुरू होऊन बंद पडला. तुम्ही वायर काढली, पदरानं पुसली, परत लावली. तिसऱ्यांदा लागला. मुलीचं नाव यायला आणखी पाऊण तास. नोंद मिळाल्यावर तिला चालेल अशी पिशवी शोधायची होती, आणि तेही हातानं, एकेक तपासून. बाहेर तिचा बाप दर थोड्या वेळानं काचेवर बोट वाजवायचा.

"अउ कतका बेर लागही, दीदी?" अजून किती वेळ लागेल.

"थोडा अउ, भैया," तुम्ही आतूनच म्हणायच्या. मान वर न करता, पण दर वेळी उत्तर द्यायच्या.

मी बाहेर जाऊन त्याच्याशेजारी बाकावर बसलो. त्यानं मला काहीच विचारलं नाही. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "हमर नोनी पढ़े म बने हे." मुलगी अभ्यासात चांगली आहे. मी मान हलवली.

सहावी पिशवी जुळली. अडीच वाजून गेले होते. तो ती घेऊन वॉर्डाकडे पळत सुटला आणि तुम्ही पाठमोऱ्या त्याला म्हणालात, "धीरे. हलाना मत." मुलगी वाचली. तुम्ही हातमोजे काढले, हात धुतले, तुमचा डबा उघडला आणि त्यातली एक पोळी माझ्यापुढं केली. आपण दोघांनी उभ्यानंच खाल्लं.

त्या दिवसाचा अहवाल मी लिहिला. त्यात मी लिहिलं, 'लाइन खंडित झाल्याने पर्यायी व्यवस्था कार्यान्वित करण्यात आली.' पर्यायी व्यवस्था म्हणजे तुम्ही, तुमचा पदर आणि माझ्या पत्राकडे तुम्ही केलेलं दुर्लक्ष. अध्यक्षांनी अहवाल वाचून मला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडून बोलणी खायची तयारी करून आलो होतो. तुम्ही म्हणालात, "दुसरी लाइन वेगळ्या रस्त्यानं घे. आणि रोज सकाळी पेशंटची यादी इथल्या मशीनवर उतरवून घेत जाऊ." मी सगळं लिहून घेतलं. उठता उठता तुम्ही विचारलंत, "माझं ते पान ट्रस्टींनी वाचलं असन न तेव्हा?"

"हव, वाचलं," मी म्हणालो.

"बरं," तुम्ही म्हणालात आणि सूक्ष्मदर्शकाकडे वळलात.

तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता कळतं की तुम्हाला उत्तर माहीत होतं. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं आणि मी ते आतून लावून घेतलं.

पुढं तुम्ही कंपनीच्या माणसांशी बोलून तुमच्या चारांतला पहिला प्रश्न सोडवला, मग तिसरा. दात्यांचे आजार त्यांच्याकडं कुणालाही वाचता येणार नाहीत अशी सोय करवून घेतली. दुसरा अर्धा राहिला. चौथ्यासाठी तुम्ही मला किमान तीनदा म्हणालात, "चावीसाठी माझ्यासोबत दुसरं नाव टाक, सुबोध." शेवटच्या खेपेला मी म्हणालो, "टाकू हो ताई, तुम्ही कुठं चालल्या आहात?" तुम्ही हसलात. ही गोष्ट मार्चमधली. पावसाळा लागला आणि तुम्ही एका सकाळी स्वयंपाकघरात खाली बसलात त्या उठल्याच नाहीत.

काही गोष्टींवर मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे. ते पान मी लावलं असतं तर ट्रस्टींनी बहुतेक नाही म्हटलं असतं. मग पुन्हा एखादी डिस्क गेली असती. अभनपूरच्या त्या बाईला गाडी वेळेवर मिळाली नसती. हे तुम्ही कसं खोडून काढणार होत्या? तुम्ही म्हणाल, सगळं लाइनवर टाकलं नसतं तर दुलारीला थांबावं लागलं नसतं. मी म्हणेन, जुन्या सर्व्हरवरच राहिलो असतो आणि त्याची डिस्क पुन्हा गेली असती, तर तिची नोंदच उरली नसती. हे आपण तासभर चालवलं असतं आणि शेवटी तुम्ही म्हणाला असतात, "ते सगळं ठीक आहे, पण ठरवायचं कुणी होतं? त्यांनी का तू?" इथं मी दर वेळी अडकतो.

आणि दुसरं. तुम्ही का बोलल्या नाहीत? एवढी वर्षं. मला रागावला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही माझ्याशी तशाच वागत राहिलात, डब्यातली पोळी पुढं करत राहिलात. मला हे माफ केल्यासारखंही वाटत नाही, शिक्षा केल्यासारखंही वाटत नाही. काय होतं ते विचारायला आता कुणी नाही.

कंपनीचा करार संपत आला होता. गुरुवारी ट्रस्टींची बैठक झाली. नवीन टिपणाच्या पहिल्या पानावर मी तुमचे चार प्रश्न लावले, तुमच्या नावानं, तुम्ही लिहिले होते तसेच. खाली लिहिलं की हे पान मागच्या वेळीही होतं आणि मी ते काढलं होतं. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला.

"उस समय दिखाते तो हम शायद मना कर देते," ते म्हणाले.

"जी."

"फिर भी दिखाना था."

"जी."

एवढंच. मला वाटलं होतं नोकरी जाईल, किंवा निदान कुणी तरी आवाज चढवेल. त्यांनी ठरवलं की चारही प्रश्नांची लेखी उत्तरं येईपर्यंत नवा करार करायचा नाही, जुनाच दोन महिने वाढवायचा. चावी दोघांच्या नावावर. एक मी, दुसरी प्रयोगशाळेतली तुमच्या हाताखाली शिकलेली रेखा. ते काम त्याच संध्याकाळी पूर्ण झालं. दहा मिनिटं लागली. तुम्ही तीनदा सांगितलेल्या कामाला दहा मिनिटं.

रविवारी मी बूढापाऱ्यात तुमच्या घरी गेलो. भाऊजी वरांड्यात बसून पेपर वाचत होते. त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्त झाली. मी त्यांना सगळं सांगितलं. पान, बैठक, दुलारी, मी दिलेलं उत्तर, तुमच्याकडे सापडलेली प्रत. मला वाटत होतं ते म्हणतील, ती कधी तरी बोलली होती याबद्दल. किंवा म्हणतील, जाऊ दे पोरा.

"मले काही माहीत नाही यातलं," ते म्हणाले. "ती ऑफिसचं घरी नव्हती बोलत."

आम्ही चहा संपवला. गल्लीतून एक स्कूटर येत होती, तिला वाट द्यायला कुणी तरी आपली स्कूटर मागे घेत होतं, ते आम्ही दोघं बघत राहिलो. मग ते म्हणाले, "तू तिले सांगाले पाहिजे होतं. मले सांगून काय फायदा?"

रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. तर ताई, ट्रस्टींनी तुमचं पान वाचलं नव्हतं. ते मी काढलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.